कैफियत जगापुढे मांडणारे

शिक्षण आटोपून मुंबई-पुण्याहून किंवा दिल्लीहून घरी आलेला मुलगा अथवा मुलगी आपल्या नोकरीचे नाव सांगते आणि माजघरातील वडील मंडळी एकमेकांच्या तोंडांकडे पाहू लागतात, असा प्रसंग हल्ली बऱ्याच घरांत घडू लागला आहे. वकिली, वैद्यकी, मास्तरकी, कचेरीतील कारकुनी आणि अलीकडे संगणकाची विद्या हे व्यवसाय आपल्या घरांच्या परिचयाचे झाले. परंतु मानवी हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेत 'मीडिया स्ट्रॅटेजिस्ट' म्हणून आपली नेमणूक झाली, असे नातवाने सांगितल्यावर आजोबांस काही बोध झाला नाही, तर तो त्यांचा दोष म्हणता येत नाही. आजीचा प्रश्न तर याहूनही नेमका असतो : "ते सगळे खरे रे बाबा, पण तू दिवसभर करतोस काय?"

ह्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. व्यवसायाचे नाव परदेशी असले तरी काम परदेशी नाही. आम्ही ज्या कुरुंदा गावी राहतो, त्याच्या आसपासच्या वसमत-हिंगोलीच्या मुलखात व एकंदर मराठवाड्यात हे काम शंभर वर्षांपूर्वीच सुरू झालेले होते. ते कसे करावे, त्याची किंमत काय पडते आणि ते कोठे अपुरे पडते, ह्या तिन्ही गोष्टींचे धडे त्या इतिहासात सापडतात.

प्रथम कामाचे स्वरूप पाहू. अन्याय झालेल्या मनुष्यास न्यायासनापुढे आपली कैफियत मांडण्यासाठी वकील लागतो. परंतु पुष्कळ अन्याय न्यायासनापर्यंत पोहोचतच नाहीत. कारण ते घडले हेच कोणास ठाऊक नसते, किंवा ठाऊक असून कोणी मानीत नाही. अशी कैफियत लोकमताच्या न्यायासनापुढे मांडणारा जो वकील, तोच हा. तो पीडितांच्या जबान्या लिहून घेतो, त्या एकमेकींशी व कागदपत्रांशी ताडून पाहतो, आणि कोणाचे नाव उघड करावयाचे व कोणाचे झाकावयाचे हे ज्याचे त्याच्या संमतीने ठरवितो. नंतर ती हकीकत कोणापुढे ठेवावयाची, विधिमंडळापुढे, आयोगापुढे, वाचकांपुढे की परराष्ट्रांपुढे, तसेच कोणत्या भाषेत व कोणत्या दिवशी ठेवावयाची, ह्याची तो योजना आखतो. विधिमंडळाचे अधिवेशन उठल्यावर छापलेले निवेदन रद्दीत जाते; तेच अधिवेशनाच्या आदल्या दिवशी छापले तर मंत्र्यांस उत्तर द्यावे लागते. शेवटी, विरुद्ध पक्षाकडून जे खंडन येणार, त्याचे उत्तर त्याने आधीच तयार करून ठेवलेले असते. आजीबाईंच्या प्रश्नाचे हे ढोबळ उत्तर झाले.

परंतु एवढ्याने ह्या कामाची थोरवी अथवा धोका लक्षात येत नाही. त्यासाठी आमच्या जुन्या न्यायशास्त्राकडे क्षणभर वळणे उपयोगी पडेल. त्या शास्त्रात ज्ञानाची साधने चार सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दूरच्या गावी काय घडले हे आपण डोळ्यांनी पाहू शकत नाही. त्याविषयीचे आपले बहुतेक ज्ञान चौथ्या साधनावर, म्हणजे दुसऱ्याच्या शब्दावर, उभे असते. मात्र कोणाचाही शब्द प्रमाण होत नाही, आप्ताचा शब्द प्रमाण होतो. आप्त ह्याचा अर्थ येथे सोयरा असा घ्यावयाचा नाही. ज्याने एखादी गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन ह्यांनी त्यापुढे जाऊन असे प्रतिपादिले आहे की, हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ ह्या सर्वांस सारखेच लागू आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आहे. जन्मावरून कोणाची साक्ष खरी ठरत नाही आणि जन्मावरून कोणाची साक्ष खोटीही ठरत नाही. पुढील सर्व हकीकत वाचकांनी ही कसोटी हाती घेऊन वाचावी, अशी आमची विनंती आहे.

ह्या व्यवसायाचे अगदी मूळचे स्वरूप पाहावयाचे असल्यास एका इंग्रज कारकुनाकडे पाहावे. एडमंड मोरेल हा लिव्हरपूलच्या एका जहाज कंपनीच्या कचेरीत हिशेब पाहत असे. कामानिमित्त तो बेल्जममधील अँटवर्प बंदरात जाई. तेथे त्याच्या ध्यानात आले की, आफ्रिकेतील काँगोहून येणारी जहाजे रबर व हस्तिदंत ह्यांनी भरून येतात; परंतु परत जाताना त्यांत व्यापाराचा माल फारसा नसतो, असतात त्या बंदुका व काडतुसे. माल येतो आणि मोबदला जात नाही, तर तो माल तेथील लोकांकडून मिळतो तरी कसा? लुटीवाचून आणि वेठबिगारीवाचून दुसरे उत्तर निघेना. ह्यास आम्ही अनुमानप्रमाण म्हणू. मोरेल नोकरी सोडून बाहेर पडला, १९०३ साली त्याने स्वतःचे पत्र काढले, १९०४ साली काँगोच्या सुधारणेसाठी संस्था स्थापिली, आणि तेथील मिशनऱ्यांनी घेतलेली छायाचित्रे व लिहिलेल्या हकीकती सभांतून लोकांपुढे ठेविल्या. अखेर १९०८ साली बेल्जमच्या राजास, लिओपोल्ड ह्यास, तो मुलूख आपल्या खासगी मालकीतून सोडावा लागला. एका कारकुनाने जमाखर्चाची वही नीट वाचल्याने राजाचे सिंहासन हलले, ही गोष्ट कारकुनी करणाऱ्या आमच्या घरांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मराठीत ह्या शस्त्राची धार कोणी पूर्णपणे ओळखली असेल, तर ती डॉ. भीमराव आंबेडकर ह्यांनी. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. त्यास कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी अर्थसाहाय्य केले होते. ज्यांच्या तोंडी शब्द नव्हता त्यांस तो मिळवून देणे, हा हेतू त्याच्या नावातच होता. पुढे २० मार्च १९२७ रोजी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी घेण्याचा सत्याग्रह झाला, आणि अवघ्या पंधरवड्यात, ३ एप्रिल रोजी, 'बहिष्कृत भारत' ह्या पत्राचा पहिला अंक निघाला. तळ्यावरील घटना घडली असती आणि तिची हकीकत सांगणारे स्वतःचे पत्र नसते, तर ती हकीकत इतरांनी इतरांच्या सोयीप्रमाणे सांगितली असती. बाबासाहेबांनी कृती आणि कृतीची साक्ष ह्यांत अंतर पडू दिले नाही. ही पत्रे त्या काळी आमच्यासारख्या घरांच्या ओसरीवर क्वचितच आली. ज्या घरांत वर्तमानपत्राचे मोठ्याने वाचन होई, तेथेही शेजारच्या वस्तीची कैफियत ऐकू आली नाही, हे आज सांगण्यास संकोच वाटू नये. कैफियत मांडणारा कितीही कुशल असला तरी ऐकणाराने दार लावून घेतले म्हणजे त्याचा इलाज खुंटतो.

आता घराकडे वळू. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. त्यापूर्वी आमचा वसमत तालुका परभणी जिल्ह्यात होता, आणि १९४८ पर्यंत हा सर्व मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाच्या सोळा जिल्ह्यांपैकी औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच मराठी भाषेचे. मीर उस्मान अली खान हे १९११ साली गादीवर आले. राज्यकारभाराची भाषा उर्दू, विद्यापीठाची भाषा उर्दू, आणि वर्तमानपत्र काढावयाचे तर सरकारी परवानगी आवश्यक. १९२९ साली 'गश्ती निशान त्रेपन्न' ह्या नावाने ओळखले जाणारे परिपत्रक निघाले व सभा भरविण्यासही पूर्वपरवानगी घेणे भाग पडले. ब्रिटिश हिंदुस्थानात लोकमान्यांवर खटले झाले, परंतु खटला होण्यास निदान आधी लेख तरी छापला गेला होता. आमच्या मुलखात मुळात छापण्याचीच पंचाईत होती.

ह्या अवस्थेत पहिल्या पिढीने जे केले, ते सौम्य वाटले तरी धोरणाचे होते. आमच्याच ह्या परिसरातील पुरजळ गावी १८६७ साली जन्मलेले केशवराव कोरटकर हे वकिलीत नाव मिळवून पुढे हैदराबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. आर्य समाज, मराठी शाळा व सामाजिक सुधारणा ह्यांत त्यांनी आयुष्य वेचले. १९३२ साली ते निवर्तले. त्यांच्या पिढीत, १९२० साली, हैदराबादेत लक्ष्मणराव फाटक ह्यांच्या संपादकत्वाखाली एक मराठी साप्ताहिक निघाले. त्याचे नाव 'निजाम विजय'. आजच्या वाचकांस ह्या नावाचे हसू येईल. पण ज्या राज्यात मराठीतून बातमी छापण्यास जागा नव्हती, तेथे राजाच्या नावाची छत्री डोक्यावर धरून का होईना, जागा मिळविणे हे शहाणपणाचे होते. संस्थानात राजकीय परिषद भरविता येत नसे, म्हणून त्या परिषदा सरहद्दीबाहेर भरल्या. १९२८ साली पुण्यास भरलेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान न. चिं. केळकर ह्यांनी स्वीकारले होते. घरात बोलता येत नसेल तर शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन बोलावे, म्हणजे शेजारी ऐकतो आणि घरधन्यासही ऐकू जाते, ही त्यातील युक्ती.

दुसऱ्या पिढीने छत्री मिटवून टाकली. आ. कृ. वाघमारे ह्यांनी १० फेब्रुवारी १९३८ रोजी 'मराठवाडा' हे साप्ताहिक सुरू केले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली. वाघमारे ह्यांनी दुसरे नाव घेऊन पत्र पुन्हा काढले. त्यावरही बंदी आली; पुन्हा नवे नाव. संस्थानाबाहेरील छापखान्यांचा आश्रय करून हा क्रम त्यांनी वर्षानुवर्षे चालविला. बंदीचा हुकूम नावावर निघतो. वाचकांच्या मनातील ओळखीवर त्याचा अंमल चालत नाही, हे त्यांनी ताडले होते. पत्राचे मथळे बदलत, पण आतील साक्ष बदलत नसे, म्हणून वाचक ते पत्र ओळखीत. 'मराठवाडा' हे नावही विचारपूर्वक घेतलेले होते. सरकारी भाषेत आम्ही केवळ संस्थानाची रयत होतो. ह्या नावाने रयतेस आपण एका भाषेचे व एका प्रांताचे लोक आहोत, ही जाणीव करून दिली. पुढे मुक्तीनंतर अनंतराव भालेराव ह्यांच्या संपादकत्वाखाली ह्या पत्राने मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनात जे स्थान मिळविले, ते आमच्या पिढीने पाहिलेच आहे.

ह्याच १९३८ साली प्रसिद्धीच्या शास्त्रातील एक अत्यंत कठीण निर्णयही ह्या भूमीने पाहिला. स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शिक्षक. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा व अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा ह्यांत त्यांनी मुले घडविली आणि मग ते राजकारणात उतरले. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच, सप्टेंबर १९३८ मध्ये, निजाम सरकारने ती जातीय संस्था आहे असे सांगून तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. त्याच वेळी आर्य समाजाने व हिंदू महासभेनेही आपापल्या मागण्यांसाठी सत्याग्रह आरंभिले होते. तीन चळवळी एका वेळी चालू असल्याने सरकारचे काम सोपे झाले. जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करणारा सत्याग्रहीही धर्माच्या भांडणासाठी आला आहे, असे जगास सांगता येऊ लागले. गांधीजींच्या सल्ल्याने स्टेट काँग्रेसने डिसेंबरात आपला सत्याग्रह स्थगित केला. कार्यकर्ते तुरुंगात असताना व लोकांचा उत्साह चढता असताना लढा थांबविणे ही केवढी अप्रिय गोष्ट! पण आपली मागणी भलत्याच मागणीत मिसळून गढूळ होत असेल तर क्षणभर गप्प राहावे, हा विवेक त्यात होता. त्याच सुमारास उस्मानिया विद्यापीठात वंदे मातरम् म्हटल्याबद्दल शेकडो विद्यार्थी काढून टाकण्यात आले. ती बातमी सरहद्दीपलीकडे गेली आणि नागपूर विद्यापीठाने त्यांतील अनेकांस प्रवेश दिला. विद्यार्थ्यांचे वर्ष वाचले ते बातमी वेळेवर व योग्य ठिकाणी पोहोचली म्हणून.

ह्या कामाची किंमत काय पडते, हे १९४८ साली दिसले. आमच्या बालपणी गावातील म्हातारी माणसे 'रझाकारी' हा शब्द कालमापनासाठी वापरीत. अमुक मूल रझाकारीच्या साली झाले, असे म्हणत. कासीम रझवीच्या रझाकारांच्या भयाने कित्येक कुटुंबे पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली होती. ह्याच काळी निजाम सरकारचीही प्रसिद्धी जोरात चालू होती. आपल्यावर हिंदी सरकार अन्याय करीत आहे, अशी तक्रार त्या सरकारने २१ ऑगस्ट १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीकडे तारेने पाठविली. जगापुढे कैफियत मांडण्याची विद्या केवळ पीडितांच्याच हाती असते असे नाही. सत्ताधाऱ्यांस ती अधिक सुलभ असते, कारण तार पाठविण्यास व परदेशचे वकील नेमण्यास लागणारा पैसा त्यांच्यापाशी असतो.

आणि त्याच रात्री, २१ व २२ ऑगस्टच्या दरम्यान, हैदराबाद शहरात शोएबुल्ला खान ह्या संपादकाचा खून झाला. वय अवघे सत्तावीस. उस्मानिया विद्यापीठाचा हा पदवीधर प्रथम 'तेज' पत्रात होता. त्यावर बंदी आल्यावर तो मंदुमुल नरसिंगराव ह्यांच्या 'रय्यत' पत्रात गेला. तेही बंद पडल्यावर त्याने स्वतःचे 'इमरोज' हे उर्दू दैनिक काढले. संस्थानाने हिंदी संघराज्यात सामील व्हावे, रझाकारांचे अत्याचार थांबावे, हे तो मुसलमान वाचकांस मुसलमानांच्या भाषेत सांगत होता. मारेकऱ्यांनी गोळ्या घालून शिवाय त्याचा हातही तोडला. ज्या हाताने लिहिले तो हात! वर सांगितलेले वात्स्यायनांचे लक्षण आठवावे. आप्तत्वास जन्म लागत नाही, सत्य जाणणे व ते सांगण्याची इच्छा लागते, ह्याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या मुलखाच्या इतिहासात आम्हांस दुसरे आढळत नाही. मराठवाड्यातील किती घरांत हे नाव आज मुलांस सांगितले जाते, ह्याचा वाचकांनीच विचार करावा.

१३ सप्टेंबरला हिंदी फौजा संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस मराठवाड्यात मुक्तिदिन म्हणून साजरा होतो व तो तसा व्हावा हेच योग्य आहे. वसमतच्या महाविद्यालयास बहिर्जी शिंदे ह्या हुतात्म्याचे नाव आहे. अशा वीरांच्या रक्ताने तो दिवस उगवला. परंतु कैफियतीचा वकील येथे थांबला तर त्याचे काम अर्धेच झाले म्हणावे लागेल. त्या दिवसानंतरच्या आठवड्यांत संस्थानातील अनेक जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगविण्यात आला. ज्यांनी रझाकारांचे तोंडही पाहिले नव्हते असेही त्यात बळी पडले. ह्याची पाहणी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफ्फार ह्यांची समिती पाठविली. नोव्हेंबरअखेरपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिने संस्थानात प्रवास केला. तिच्या अहवालात मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला असून, सर्वांत अधिक हानी झालेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड ही आमची मराठी नावे आहेत. रझाकारांच्या क्रौर्याची नोंद त्यात आहे, आणि हिंदू शेजाऱ्यांनी आपला जीव धोक्यात घालून मुसलमान स्त्रीपुरुषांस वाचविल्याचीही नोंद आहे. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला.

समिती संस्थानात फिरत होती त्याच दिवसांत, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द योजिला होता. भारताच्या प्रतिनिधी हंसाबाई मेहता ह्यांनी आग्रह धरून तेथे 'सर्व मानव' असा शब्द घालविला. एका शब्दाने निम्मे जग कलमाच्या आत आले. ह्या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे व्यवसायाचे मर्म ध्यानी येते. आपल्या माणसावरील अन्याय जगास सांगण्यास धैर्य लागते, हे खरे. पण आपल्या माणसाने केलेला अन्याय आपल्याच माणसांस सांगण्यास त्याहून मोठे धैर्य लागते. शोएबुल्ला खानाने ते केले. सप्टेंबरनंतर आमच्या बाजूने ते करणारे फार थोडे निघाले. महात्माजींच्या खुनानंतर त्याच वर्षाच्या आरंभी पश्चिम महाराष्ट्रात ज्यांची घरे जळाली, त्या कुटुंबांस तरी हे समजावे. दुसऱ्याच्या अपराधाची शिक्षा केवळ जातीवरून भोगणे म्हणजे काय आणि ते दुःख कोणी ऐकूनही घेत नाही म्हणजे काय, ह्याचा अनुभव त्यांस आहे.

मुक्तीनंतर हे काम निराळ्या रीतीने चालविणारा एक पुरुष आमच्या गावाचे नाव लावीत असे. नरहर कुरुंदकर ह्यांचा जन्म १५ जुलै १९३२ रोजी नांदापूर येथे झाला, घराणे कुरुंद्याचे. शाळकरी वयातच ते मुक्तिलढ्यात ओढले गेले. पुढे नांदेडच्या पीपल्स कॉलेजात ते अध्यापक व प्राचार्य झाले आणि हैदराबादचा प्रश्न नेमका काय होता, हे त्यांनी व्याख्यानांतून व लेखांतून मराठी समाजास समजावून दिले. हिंदू श्रोत्यांपुढे हिंदूंचे दोष आणि मुसलमानांच्या प्रश्नात मुसलमानांचे दोष ते सारख्याच निर्भयतेने सांगत, आणि हमीद दलवाईंच्या सुधारणाकार्यास त्यांचा पाठिंबा होता. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेस सभेच्या व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला. ते कोणत्याही संस्थेचे प्रसिद्धी-नियोजक नव्हते. परंतु श्रोत्यास न आवडणारे सत्य त्यास ऐकावयास लावणे ही जी ह्या व्यवसायातील सर्वांत अवघड कला, ती त्यांस साधली होती.

ह्या कामास आज जे रूढ स्वरूप आले आहे, त्याचा उगमही एका वर्तमानपत्री लेखातच आहे. २८ मे १९६१ रोजी पीटर बेनेन्सन ह्या इंग्रज वकिलाने लंडनच्या 'ऑब्झर्व्हर' पत्रात, केवळ मतासाठी तुरुंगात पडलेल्या व विस्मृत झालेल्या कैद्यांविषयी लेख लिहिला. त्यातून 'ॲम्नेस्टी इंटरनॅशनल' ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे सासवडचे विठ्ठल महादेव तारकुंडे ह्यांनी न्यायाधीशपद सोडल्यानंतरचे आयुष्य नागरी स्वातंत्र्याच्या कार्यास वाहिले. आणीबाणीत, १९७६ साली, जयप्रकाशजींच्या प्रेरणेने निघालेल्या नागरी स्वातंत्र्याच्या संघटनेत त्यांचा मोठा वाटा होता. पुढे १९९३ च्या कायद्याने राष्ट्रीय मानवी हक्क आयोग स्थापन झाला, राज्यातही आयोग आला, आणि कैफियत ऐकण्याची नवी स्थाने निर्माण झाली. स्थाने वाढली तसे त्यांच्यापुढे नीट मांडणी करणारांचे कामही वाढले.

बातमी पोहोचण्याची अडचण आज उरली नाही. जुलै २०२२ मध्ये आमच्या कुरुंद्यात पुराचे पाणी घराघरांत शिरले, तेव्हा भ्रमणध्वनीवर टिपलेली चित्रे लगेच सर्वत्र दिसू लागली. वाघमाऱ्यांस ज्यासाठी सरहद्दीपलीकडचा छापखाना शोधावा लागला, ते आज कोणत्याही शाळकरी मुलाच्या खिशात आहे. परंतु त्यामुळेच आप्त व अनाप्त ह्यांची निवड दुर्घट झाली आहे. दुसऱ्याच गावच्या, दुसऱ्याच सालच्या चित्राखाली आपल्या गावचे नाव लिहून कोणीही ते पसरवू शकतो. आणि एकदा असे एक खोटे चित्र उघडकीस आले की त्यापाठोपाठ येणाऱ्या दहा खऱ्या चित्रांवरही कोणी विश्वास ठेवीत नाही. ह्या क्षेत्रात काम करणाराने अतिशयोक्ती केली, तर तिचा दंड त्याच्या संस्थेस तर होतोच, पण मुख्यतः ज्याच्यासाठी तो बोलत होता त्या गरीब साक्षीदारास होतो. मास्तरकीच्या दिवसांत आम्ही मुलांस तक्रारीचा अर्ज लिहावयास शिकवीत असू : तारीख, स्थळ, काय घडले, कोणी पाहिले, मागणी काय. विशेषणे शक्य तितकी कमी. शिव्याशापांनी भरलेला अर्ज साहेब बाजूस सारतो; तारीखवार लिहिलेल्या अर्जास त्यास उत्तर द्यावे लागते. ही साधी शिस्त आजही ह्या साऱ्या व्यवसायाच्या मुळाशी आहे.

आता व्यवहाराची गोष्ट, कारण कुटुंबात ती विचारलीच जाते. ह्या नोकऱ्या बहुधा देणग्यांवर व ठराविक मुदतीच्या कामांवर चालतात; वेतन बेताचे, निवृत्तिवेतन बहुधा नाही. खटल्याचे व धमक्यांचे भय काही ठिकाणी खरोखरीचे असते. शिक्षणाची सोय मात्र आता दूर राहिली नाही. मुंबईस टाटा समाजविज्ञान संस्था व पुण्यास रानडे इन्स्टिट्यूट आहेच. शिवाय नांदेडास, ज्या विद्यापीठाने स्वामी रामानंद तीर्थांचे नाव धारण केले आहे, तेथेही वृत्तविद्येचे शिक्षण मिळते. त्यास कायद्याच्या ज्ञानाची जोड द्यावी आणि भाषा निदान तीन तरी चांगल्या याव्यात. इंग्रजीवाचून जगाशी बोलता येत नाही, आणि मराठी व उर्दू-हिंदीवाचून ज्याचे दुःख आहे त्याच्याशी बोलता येत नाही. ज्या घरांत संस्कृत पाठांतर अजून चालते, तेथील मुलांस शब्द तोलून वापरण्याची सवय असते. ती ह्या कामी उपयोगी पडेल.

वडील मंडळींस आमचे सांगणे इतकेच की, मुलाने अथवा मुलीने हा मार्ग निवडला तर तिला एकदम अडवू नये, परंतु काही प्रश्न अवश्य विचारावे. तू जे सांगतेस ते तू स्वतः पडताळून पाहिले आहेस काय? ज्याचे दुःख तू सांगतेस, त्याची त्यास संमती आहे काय, आणि उद्या त्याच्यावर संकट आले तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहील? आणि आपल्या घरच्यांनी, आपल्या जातीच्यांनी किंवा आपल्या धर्माच्यांनी असाच अन्याय केला, तर तेही तू इतक्याच स्पष्टपणे लिहिशील काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तिने नोकरीत शिकावयाची आहेत. तिसऱ्याचे उत्तर द्यावयास ती कोठे शिकणार? जेवणाच्या पंगतीत आपण शेजारच्या वस्तीविषयी काय बोलतो, दारी आलेल्या मनुष्याची हकीकत पुरती ऐकून घेतो की नाही, आणि घरातील लहानाने मोठ्याची चूक दाखविली तर त्यास गप्प बसवितो की काय, ह्यावरच ते बहुतांशी ठरत असते.